इंग्रजीचा शिक्षक कसा घडतो

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागच्या पिढ्यांचे उपकार आठवावयाचे असतात, तसाच पुढच्या पिढीच्या हातीं आपण काय देणार याचाही विचार करावयाचा असतो. म्हणून ज्युबिली-समितीनें आम्हांस एखाद्या उपयोगी विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्हीं हा विषय पत्करला. बारावी उतरलेलीं मुलें दाखल्यासाठीं आमच्याकडे येतात. पुढें काय करणार, असें आम्ही सहज विचारतों. त्यांतील बरींच, विशेषतः मुली, "इंग्रजीची शिक्षिका व्हावयाचें आहे," असें सांगतात. "त्यासाठीं काय करणार?" असें पुढें विचारलें म्हणजे, "फादर, इंग्रजी पक्कें करणार," असें उत्तर येतें. उत्तर चांगलें आहे, पण अर्धेंच आहे. राहिलेल्या अर्ध्याविषयीं आज आम्ही चार शब्द बोलणार आहोंत.

आपल्या मराठी भाषेनेंच हा विषय अर्धाअधिक उलगडून ठेविला आहे. इंग्रजींत शिकण्याला एक शब्द आणि शिकविण्याला अगदीं निराळा शब्द आहे. मराठींत मात्र 'शिकणें' या एकाच धातूपासून 'शिकविणें' हें प्रयोजक क्रियापद तयार होतें. जसें बसणें आणि बसविणें, हसणें आणि हसविणें. हसविणारा स्वतःच हसत सुटला म्हणून श्रोते हसतातच असें नाहीं. तसाच शिक्षक स्वतः घडाघडा इंग्रजी बोलला म्हणून वर्गाला इंग्रजी आलें, असेंही होत नाहीं. शिकण्याची क्रिया मुलाची आहे. तिला चालना देणें एवढेंच शिक्षकाचें काम, आणि तेंच अवघड आहे. ज्याला इंग्रजीचा शिक्षक व्हावयाचें आहे, त्यानें इंग्रजी शिकावीच. पण दुसरा मनुष्य ती कशी शिकतो, हेंही शिकावें. आमच्या आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे.

हें सांगण्याची निकड कां वाटते, तेंही ऐका. महाराष्ट्रांत मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालच्या जूनपासून आरंभ झाला. त्यानंतरही ज्यांना परवडलें त्या आईबापांनीं आपलीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नेलीं. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. परंतु मराठी शाळेंत राहिलेल्या मुलाकडे एकदां नीट पहा. तें पुष्कळदां गरिबाचें मूल असतें. घरीं इंग्रजी बोलणारें कोणी नसतें, शिकवणीला पैसा नसतो, शेल्फावर इंग्रजी पुस्तक नसतें. त्याची सारी भिस्त वर्गांतील एका शिक्षकावर असते. तो शिक्षक चांगला निघाला तर त्या मुलाला एक दार उघडतें. वाईट निघाला तर "मला इंग्रजी येत नाहीं, आणि येणारही नाहीं," ही समजूत तें जन्मभर उराशीं बाळगतें. तेव्हां तुम्ही जी नोकरी शोधीत आहां, तिच्यावर दुसऱ्या कोणाचें तरी भवितव्य टांगलेलें आहे, हें विसरूं नका.

आतां या नोकरीची वाट थोडक्यांत सांगतों. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका घेतां येते. वडील मंडळी तिला अजून डी.एड.च म्हणतात. ज्यांना वरच्या वर्गांना शिकवावयाचें आहे, त्यांनीं इंग्रजी घेऊन पदवी मिळवावी आणि मग बी.एड. करावें. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनीं बी.एड. एक वर्षाऐवजीं दोन वर्षांचें केलें आणि त्यांत किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेंत काढण्याचें बंधन घातलें. बी.एड. झालें म्हणजे कोणत्याही वर्गावर जातां येतें, असा पुष्कळांचा समज आहे; तो धरूं नका. पहिली ते पांचवीसाठीं बी.एड. ही पात्रता चालणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या ऑगस्टमध्यें दिला. लहान मुलांना शिकविणें ही निराळी विद्या आहे, हें त्यामागचें तत्त्व आम्हांस पटण्यासारखें वाटतें. नियम बदलत असतात; प्रवेश घेण्यापूर्वीं त्या वर्षाचे नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर विसंबूं नका.

याशिवाय पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला, त्यानंतर ती आली, आणि महाराष्ट्रांत ती २०१३ पासून घेतली जाऊं लागली. तिचा पहिला पेपर १५० गुणांचा. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला त्यांत इंग्रजीसाठीं ३० गुण असतात, आणि बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र यांसाठींही ३० गुणच असतात. पहा, परीक्षकांनींसुद्धां इंग्रजी भाषा आणि मुलाचें मन यांना तराजूच्या दोन पारड्यांत सारखेंच तोललें आहे. आमचें विद्यार्थी मात्र पहिल्या पारड्यासाठीं वर्ष घालवितात आणि दुसऱ्यासाठीं शेवटचा आठवडा ठेवितात.

परीक्षेचें एवढें पुरे. आतां खऱ्या तयारीकडे वळूं.

इंग्रजीच्या भावी शिक्षकानें पहिली गोष्ट करावी ती ही कीं, आपल्या मराठीचा अभ्यास करावा. हें ऐकून कांहींजण हसत आहेत, तें आम्हांस दिसतें. परंतु मराठी मूल इंग्रजींत जेथें अडखळतें, तेथें बहुधा त्याच्या पायाखालीं मराठीचाच दगड असतो. तो दगड जागेवर ओळखण्याची सोय विलायतेच्या शिक्षकाला नाहीं, तुम्हांला आहे. कांहीं उदाहरणें घेऊं.

आपण म्हणतों, मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळें खाल्लें. खाणारा एकच, पण जें खाल्लें त्याच्या लिंगाप्रमाणें क्रियापद तीन वेळां बदललें. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं एकच 'एट'. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येऊन बसतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या मागोमाग येतें. आपण 'टेबलावर' म्हणतों, म्हणजे आधीं टेबल आणि मग 'वर'. इंग्रजी मनुष्य आधीं 'ऑन' म्हणतो आणि मग टेबल दाखवितो. 'मला दोन भाऊ आहेत' याचें मूल शब्दशः भाषांतर करतें, तेव्हां शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते; पण तें मूल मूर्ख नाहीं, तें मराठीशीं प्रामाणिक आहे. इंग्रजींत भाऊ 'असत' नाहींत, ते 'आपल्यापाशीं' असतात, म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स', एवढें त्याला उमगलें कीं काम झालें. 'तूं आंबा खातोस का?' यांत आपला 'का' शेवटीं येतो. इंग्रजींत 'डू' नांवाचा चोपदार वाक्याच्या पुढें चालतो, आणि त्याला मराठींत प्रतिशब्द नाहीं. 'ए', 'ॲन' आणि 'द' यांना तर मराठींत जागाच नाहीं. म्हणून मूल तीं गाळतें, किंवा भीतीनें सगळीकडे पेरतें.

उलट कांहीं ठिकाणीं मराठी अधिक श्रीमंत आहे. आपण तूं, तुम्ही आणि आपण असे तीन मान राखतों. इंग्रजी 'यू' या एका शब्दावर भागवितें. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचें तर आपण 'आम्ही' म्हणतों, त्याला सामील करून घ्यावयाचें तर 'आपण' म्हणतों. इंग्रजींत दोन्हींना 'वी'. हें वर्गांत सांगा. आपल्या भाषेंत कांहीं अधिक आहे, असें कळलेलें मूल परक्या भाषेपुढें मान खालीं घालून उभें राहत नाहीं.

आपल्या वसईकडील मुलांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कोणी घरीं सामवेदी बोलतो, कोणी वाडवळी. शाळेंत आल्यावर पुस्तकी मराठी हीच त्यांची दुसरी बोली होते, आणि ती तीं चार-दोन वर्षांत आपलीशी करतात. म्हणजे इंग्रजीच्या तासाला जें मूल तुमच्यापुढें बसलें आहे, त्यानें एक जास्तीची बोली आधींच पैदा केलेली आहे. त्याला भाषा शिकतां येत नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाहीं.

दुसरी तयारी कानाची आणि तोंडाची. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला जसें लिहिलें तसें वाचण्याची संवय असते. इंग्रजींत तो नियम चालत नाहीं. ओ-यू-जी-एच हीं चार अक्षरें 'थ्रू'मध्यें एक आवाज देतात, 'टफ'मध्यें दुसरा आणि 'दो'मध्यें तिसरा. म्हणून शब्द आधीं कानांत पडावा, मग जिभेवर यावा, आणि त्यानंतर डोळ्यांपुढें यावा. बाजारांतील गाईडांत इंग्रजी शब्दाखालीं देवनागरींत उच्चार छापलेला असतो. ती कुबडी आहे. पाय मोडला असतां कुबडी घ्यावी. पण चालावयास शिकणाऱ्या मुलाच्या हातीं ती देऊं नये.

उच्चार शिकतांना तोंडांत काय घडतें, हें आरशापुढें पहा. मराठींत 'व' एक, इंग्रजींत दोन. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, याच्या आरंभीं ओठांचा चंबू होतो. 'व्हेस्ट' म्हणजे बंडी, याच्या आरंभीं वरचे दांत खालच्या ओठाला लागतात. 'झू' म्हणजे प्राणिसंग्रहालय, यांतला आवाज आपल्या 'झाडा'तला नव्हे. 'झाड' म्हणतांना जीभ टाळूकडे टेंकते, इंग्रजी आवाजांत ती न टेंकतां वारा घासत जातो. 'थिंक' म्हणतांना जिभेचें टोंक दांतांमध्यें येतें. आपल्या 'थ'मध्यें तें दांतांमागें अडतें. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. ऱ्हस्वदीर्घ आपण लिहितांना पाळतों, बोलतांना फारसे पाळीत नाहीं, आणि इंग्रजींत तेवढ्यानें जहाजाची मेंढी होते. शिवाय आघात आहे. 'रेकॉर्ड' हें नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हें सारें पुस्तकांत वाचून येत नाहीं. मोबाईलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करा, आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांपुढें तो ठेवून पहा, आणि उच्चार दाखविणारा शब्दकोश जवळ बाळगा. साहेबाची नक्कल करावयाची नाहीं. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द स्वच्छ कळावा, एवढेंच पुरे.

तिसरी तयारी पद्धतीची. अध्यापक विद्यालयांत तुम्हांला पाठटांचण काढावयास लावतील. हर्बार्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या बसविल्या, ती 'पंचपदी' आपल्याकडील पिढ्यान्पिढ्यांच्या शिक्षकांनीं गिरविली. मग सूक्ष्म-अध्यापन येईल. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९६० नंतरच्या दशकांत ही रीति निघाली. त्यांत चार-पांच सोबत्यांपुढें थोडी मिनिटें उभें राहून एकच कौशल्य घटवावयाचें असतें: आज फक्त प्रश्न विचारणें, उद्यां फक्त फळ्यावर लिहिणें. पुष्कळ विद्यार्थी हीं कामें वहीचीं पानें भरण्यापुरतीं करतात. तसें करूं नका. टांचण लिहितांना प्रत्येक ओळीपुढें एक प्रश्न घाला: या क्षणीं मूल काय करीत असेल? उत्तर 'ऐकत असेल' असें तीनदां लागोपाठ आलें, तर तें टांचण फाडून नवें काढा.

या संबंधांत आपल्याच देशांत झालेल्या दोन कामांची माहिती प्रत्येक इंग्रजी शिक्षकाला असावी. मायकेल वेस्ट हा इंग्रज गृहस्थ ढाक्यास शिक्षकांच्या महाविद्यालयाचा प्रमुख होता. बंगालमधील द्विभाषिकतेवरचें त्याचें पुस्तक १९२६ सालीं निघालें. त्यानें एक साधी गोष्ट पाहिली: इंग्रजीचा अभ्यासक्रम शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठीं आंखलेला होता, पण बहुतेक मुलें मध्येंच शाळा सोडीत, आणि त्यांच्या पदरीं कांहींच पडत नसे. म्हणून त्याचा आग्रह असा कीं, मूल ज्या इयत्तेंतून जाईल, त्या इयत्तेपर्यंतचें शिक्षण त्याला उपयोगी पडलें पाहिजे. त्यानें निवडक शब्दांचीं सोपीं वाचनपुस्तकें तयार केलीं, आणि १९५३ सालीं सुमारें २००० अत्यंत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. खेड्यांतील शिक्षकाला यांत मोठा दिलासा आहे. इंग्रजीचा सगळा समुद्र उपसावयाचा नाहीं. आधीं हे २००० शब्द मुलाच्या मालकीचे करावयाचे आहेत.

दुसरें काम एन. एस. प्रभु यांचें. १९७९ ते १९८४ या काळांत दक्षिण भारतांतील कांहीं शाळांत त्यांनीं 'बंगळूर प्रकल्प' म्हणून प्रसिद्ध असलेला प्रयोग चालविला. व्याकरणाचे नियम पाठ करून घेण्याऐवजीं मुलांना नकाशे, वेळापत्रकें अशा वस्तूंवर डोकें चालविण्याचीं कामें द्यावयाचीं, आणि तें काम उलगडतांना भाषा आपोआप अंगीं लागावी, अशी त्यांची दृष्टि होती. आपल्याकडे याला साहित्याची वाण नाहीं. विरार-चर्चगेट लोकलचें वेळापत्रक वर्गांत न्या आणि विचारा: दहा वाजतां चर्चगेटला पोंचावयाचें आहे, तर वसई रोडवर कोणती गाडी धरावी? मुलें भांडतील, बोटें दाखवितील, आणि गाडी चुकूं नये म्हणून इंग्रजी शब्द शोधतील. मोगऱ्याच्या टोपलीचा, सुकेळ्यांचा, विड्याच्या पानांच्या गड्डीचा भाव इंग्रजींत करावयास लावा. ज्या मुलानें आईबरोबर बाजार केला आहे, तें त्या दिवशीं वर्गांत पहिलें बोलेल.

वर्गांत मराठीला बंदी करावी कीं नाहीं, असें पुष्कळजण विचारतात. आमचें मत असें कीं, इंग्रजीच्या तासाला इंग्रजी भरपूर कानावर पडावी. परंतु मराठीच्या एका शब्दानें जो अडथळा दूर होतो, त्यासाठीं मुलाला दहा मिनिटें अंधारांत ठेवूं नये.

चौथी तयारी मनाची. चूक ही शिकणाऱ्या मुलाची हुंडी आहे; ती फाडून टाकूं नका, वटवून द्या. मुलानें 'ही गो' म्हटलें तर आपण हसून नव्हे, सहज बोलण्याच्या ओघांत, "येस, ही गोज टु स्कूल," असें म्हणावें. योग्य रूप त्याच्या कानांत पडलें, आणि चारचौघांत त्याची मानही खालीं गेली नाहीं. ज्या वर्गांत चुकल्यावर हंशा पिकतो, त्या वर्गांत हुशार मूल गप्प बसावयास शिकतें, आणि गप्प बसून आजवर कोणाला भाषा आली नाहीं.

हें मन कोठून यावें? शिक्षकानें स्वतः विद्यार्थी राहिल्यानें. आम्ही मराठी शाळेंतून सेमिनरींत गेलों. तेथें तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजींतून शिकावें लागलें. परक्या भाषेंत विचार करतांना डोकें कसें शिणतें, हें आम्हांस ठाऊक आहे, आणि त्या आठवणीचा आम्हांला शिकवितांना फार उपयोग झाला आहे. परंतु याचें थोर उदाहरण आमच्याहून फार जुनें आहे, आणि तें येथें अगदीं शोभतें, कारण तो गृहस्थ स्वतः इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास उतरले. येथें येऊन त्यांनीं आपली इंग्रजी कोणावर लादली नाहीं; आधीं येथल्या लोकांची भाषा शिकून घेतली. १५८३ सालच्या एका पत्रांत त्यांनीं आपल्या भावाला कळविलें कीं, इकडील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. पुढें त्यांनीं मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें, तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. आणि कोंकणी भाषेचें त्यांनीं लिहिलेलें व्याकरण त्यांच्या मागें १६४० सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांना शिकवावयाचें, त्यांच्यापुढें तो मनुष्य आधीं विद्यार्थी म्हणून बसला. इंग्रजी शिकविणाऱ्या मराठी माणसानें याहून निराळें काय करावयाचें आहे?

आतां शेवटीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांना या वाटेनें जावयाचें आहे, त्यांनीं चौघां-पांचांचा एक गट करावा. आठवड्यांतून एकदां सभागृहाची खोली आम्ही मोकळी ठेवूं. प्रत्येकानें दहा मिनिटांचा पाठ द्यावा, इतरांनीं मुलें होऊन बसावें, आणि नंतर एकच सांगावें: मी कोठें शिकलों आणि कोठें नुसता ऐकत बसलों. रोज एक पान इंग्रजी मोठ्यानें वाचा. तुमच्यांतील कित्येकजण रविवारीं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतात. चाळीस मुलांचें लक्ष कसें धरावें, याचा धडा तुम्हांला तेथें फुकट मिळतो आहे, तो वायां घालवूं नका.

आईबापांनाही एक विनंति आहे. मुलाच्या वहींत रोज किती पानें भरलीं, यावरून इंग्रजीच्या शिक्षकाची पारख करूं नका. मुलाला घरीं विचारा, "आज इंग्रजींत तूं काय बोललास?" त्याला सांगण्यासारखें एक वाक्य असलें, तर तो शिक्षक आपलें काम करीत आहे असें समजा, आणि त्याचे आभार माना.

मुलांनो, तुमच्यापैकीं जे कोणी एक दिवस फळ्यापुढें उभे राहतील, त्यांना वर्गांत शेवटच्या बांकावर एक मूल दिसेल. तें कधीं हात वर करीत नाहीं. तुमचें इंग्रजी किती सुंदर आहे, याच्याशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. वर्षाच्या शेवटीं तें मूल न भितां पांच वाक्यें बोललें, तर तुम्ही इंग्रजीचे शिक्षक झालां. मग प्रमाणपत्रावर कांहीं लिहिलेलें असो. असे शिक्षक या धर्मग्रामांतून पुष्कळ निघोत, एवढीच आमची इच्छा आहे.